आधी ब्रेक, मग बिस्मिल्ला

भोर डेपोत शाकिर मणेर नावाचे एक ड्रायव्हर होऊन गेले. होऊन गेले म्हणजे रिटायर झाले; माणूस ठणठणीत आहे, आणि असलं काही लिहिल्याचं त्यांच्या कानावर गेलं तर जाब विचारायला दारात येईल. एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली. वरंधा घाट उतरले, वेल्ह्यावरून पासलीची मुक्कामी गाडी नेली, उन्हात, पावसात, धुक्यात आणि कधीकधी नुसत्या अंदाजानं. एवढ्या वर्षांत आपल्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही, असं ते सांगत. बावीस वर्षं त्यांच्या गाडीवर असलेला कंडक्टर ज्ञानू, उत्रोलीचा, लगेच म्हणायचा, “एक आली व्हती, पण ती आपल्या मनानं आली.” त्यावर शाकिरभाई म्हणायचे, “ती कोंबडी नव्हं, कोंबडा व्हता. आन् तो उडून गेला.” हा वाद दोघं रिटायर झाल्यावरही मिटला नाही.

शाकिरभाईंचा एक नियम होता आणि त्यापायी डेपोतले बाकीचे ड्रायव्हर मेटाकुटीला यायचे. चालू गाडीत ते कधी बसायचे नाहीत. ड्युटी बदलताना दुसऱ्यानं इंजिन चालूच ठेवून जागा दिली, तर हे आधी ते बंद करणार. मग वर चढणार, बूड टेकवणार, ब्रेकवर पाय ठेवून तो पार तळाला जाईपर्यंत दाबणार, “बिस्मिल्ला” म्हणणार आणि मग स्टार्टर मारणार. कुणी म्हणालं, “अवो भाई, चालूच हाय की,” तर ठरलेलं उत्तर यायचं: “चालू गाडीत बसतो तो ड्रायव्हर न्हाई, चोर.”

यामागं कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी वरंध्यात त्यांनी दुसऱ्याची चालू गाडी हातात घेतली होती. हँडब्रेक लावलाय, असं सोडून जाणाऱ्यानं सांगितलं होतं. तो लावलेला नव्हता. पंचावन्न माणसं घेऊन गाडी दोन हात मागं सरकली आणि कठड्याला टेकून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण शाकिरभाई दोन दिवस जेवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवसापासून त्यांचा पाय स्टार्टरच्या आधी ब्रेकवर जायला लागला, तो कायमचाच.

आता ही गोष्ट दोन हजार पाच सालची. शाकिरभाईंचा मुलगा कामरान तीन वर्षं मस्कतला नोकरी करून परत आला. त्याच्या बॅगेतून अम्मीला, म्हणजे जन्नतबींना, अत्तर निघालं. बायकोला, नुजहतला, ड्रेसचं कापड निघालं. अब्बांना घड्याळ निघालं. आणि त्यानं स्वतःला आणलेल्या खोक्यातून निघालं एक स्टेअरिंग आणि दोन पायडलं.

जन्नतबींनी खोक्यात वाकून पाहिलं. “गाडी कुठंय?”

“गाडी कॉम्प्युटरमधी, अम्मी. हे लावून शर्यत खेळायची.”

“म्हंजे तीन वर्सं परदेशात राबून नुसतं स्टेअरिंग घेऊन आलास? तुझ्या अब्बांनी एकतीस वर्सांत डेपोतनं एक नट तरी आणला का घरी?”

स्टेअरिंग पुढच्या खोलीतल्या टेबलाला आवळून बसवलं. पायडलं खाली शहाबादी फरशीवर. पण फरशी गुळगुळीत. जरा जोरात ब्रेक दाबला की पायडलं भिंतीकडं पळायची. शाकिरभाईंनी तोड काढली. जन्नतबींचा पाटा उचलून आणला आणि पायडलांच्या मागं भिंतीशी टेकवून ठेवला. पायडलं बसली गच्च. तेव्हापासून घरात चटणी वाटायची झाली की शर्यत थांबवावी लागे, आणि शर्यत ऐन रंगात असली की भाजी बिनवाटणाची होई.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. पुढं कामराननं एक जुनी पांढरी व्हॅन घेतली, आणि घरात दोन पक्ष पडले.

शाकिरभाईंनी धरूनच चाललं होतं की व्हॅन आपणच चालवणार. दुसरं कोण चालवणार? कामरान सकाळी कंपनीत जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. पण जन्नतबींचं मत वेगळं होतं. गेल्या वर्षी शाकिरभाईंना शुगर निघाली होती, आणि डॉक्टर म्हणाले होते, “पायांकडं लक्ष ठेवा, कधीकधी बधिर होतात.” डॉक्टर म्हणाले ‘कधीकधी’. जन्नतबींनी घरी येईपर्यंत त्यातलं ‘कधीकधी’ वाटेत कुठंतरी टाकून दिलं होतं. नवऱ्यानं चहात साखर मागितली तरी त्या आधी त्याच्या पायांकडं बघायच्या.

आणि एक दिवस नको तेच झालं. कामरान सहज म्हणाला, “बसा अब्बा, तुमी पण एक फेरी मारा.” शाकिरभाई खुर्चीत बसले. समोर पडद्यावर लाल गाडी उभी, बाजूला गर्दी, पुढं काळाभोर रस्ता, एक खड्डा नाही. असा रस्ता त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी रीतीप्रमाणं टेबलाखालच्या बोर्डावरचं स्टेअरिंगचं बटण बंद केलं, कामराननं खेळ पुन्हा लावला, त्यांनी बूड सावरलं, ब्रेक दाबला, बिस्मिल्ला म्हटलं, बटण चालू केलं आणि गाडी सोडायला ब्रेकवरचा पाय उचलला.

लाल गाडी सुसाट निघाली. एक्सलेटरला त्यांचा पाय लागलाही नव्हता.

“अब्बा, ब्रेक!”

“दाबलाय रे!”

“दाबा!”

“अरे पाटा फुटंल आता, एवढा दाबलाय!”

गाडी पहिल्याच वळणावर भिंतीत घुसली, उलटी झाली आणि चाकं वर करून फिरत राहिली. शाकिरभाई पांढरेफटक पडले. कामराननं बटण बंद करून पुन्हा चालू केलं, स्वतः बसला, आणि तीच गाडी अगदी शहाण्यासारखी चालली. पाय ठेवला की पळे, ब्रेक दाबला की थांबे.

“पायडलात बिघाड हाय,” शाकिरभाई म्हणाले.

“नाचता येईना अंगण वाकडं,” जन्नतबी दारातून म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं.

रात्री जेवताना कामराननं तोडगा काढला. “असं करू. येत्या रविवारी अब्बांनी यावर तीन फेऱ्या मारायच्या. कुठंही धडकायचं न्हाई. जमलं तर व्हॅनची किल्ली त्यांची. न्हाईतर आपण किकवीच्या गेनूला ड्रायव्हर म्हणून ठेवू.”

शाकिरभाईंच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांच्या घरात ड्रायव्हर! आणि तोही गेनू! हा गेनू एक हात खिडकीबाहेर लोंबकळत ठेवून टेम्पो चालवायचा, आणि वळणावर शाकिरभाईंच्या एसटीला ओलांडताना एकदा स्वतःचा आरसा घालवून बसला होता. त्याच्या शेजारी बसून आपण किकवीला जायचं, आणि तो विचारणार, “काय भाई, बरी चालवतो ना?” यापेक्षा कोंबडी चाकाखाली आलेली परवडली.

“कबूल,” ते म्हणाले. किकवी हे जन्नतबींचं माहेर. एकतीस वर्षं त्या माहेरी गेल्या त्या दुसऱ्याच कुणा ड्रायव्हरच्या गाडीनं. कारण त्या निघायच्या तेव्हा शाकिरभाई वरंध्यात नाहीतर पासलीच्या वाटेवर असायचे. “अख्ख्या तालुक्याला पोचवलं, मला तेवढं न्हाई,” हे वाक्य त्यांनी नवऱ्याला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की आता व्हॅन दारात आल्यावर पहिली खेप कुठं, हे विचारायची गरजच नव्हती. प्रश्न एवढाच होता की चालवणार कोण.

सोमवारी सकाळपासून शाकिरभाई कामाला लागले. डेपोतल्या मेकॅनिकला हैराण करणारा हा माणूस. बिघाड शोधायची रीत त्यांना ठाऊक होती. आधी बाहेरचं बघायचं, मग आतलं. त्यांनी पाटा हलवून पाहिला, वायर ओढून पाहिली, पायडलांच्या खाली पालथं पडून टॉर्च मारला. नुजहतनं चहा आणला तेव्हा टेबलाखालून सासऱ्याचे फक्त दोन पाय दिसत होते.

“अब्बा, चहा.”

“ठेव तिथंच. साखर घातलीस का?”

“न्हाई.”

“मग घाईबी न्हाई.”

वायर शाबूत होती. मग त्यांनी अमजदला बोलावलं. अमजदचं स्टँडच्या मागं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. त्याच्या हातून सुटलेला रेडिओ भोरमध्ये नव्हता, आणि वेळेवर परत मिळालेलाही नव्हता. त्यानं पायडलाचं झाकण उघडलं, आत पाहिलं, आणि जोरात शिंकला. एकदा, दोनदा, पाच वेळा.

“भाई,” तो डोळे पुसत म्हणाला, “ह्यात लाल तिखट हाय.”

खरंच होतं. पाट्याशेजारी राहून राहून मसाल्याची पूड आत गेली होती. अमजदनं एक गोल तुकडा बोटानं दाखवला. “हे बघा. रेडिओचा आवाज कमीजास्त करायचं बटण असतं ना, त्याच्या आतला व्हॉल्यूम. तोच हा. दोन्ही पायडलांना मिळून हा एकच. रेस दिली की हा एकीकडं फिरतो, ब्रेक दाबला की दुसरीकडं, आन् किती फिरला ते कॉम्प्युटरला सांगतो. ह्यात घाण बसली की रेडिओ कसा खरखरतो, तशी तुमची गाडी खरखरली.”

शाकिरभाईंच्या जिवात जीव आला. “म्हंजे माझ्या पायाचं काय न्हाई!”

“पायाचं कशाला? मिरचीचं हाय.”

शाकिरभाईंनी तिथूनच स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक दिली, “ऐकलं का? तुमच्या चटणीनं गाडी उलथली!” आतून भांडं आपटल्याचा आवाज आला, एवढंच उत्तर.

अमजदनं स्पिरिटच्या बोळ्यानं सगळं साफ केलं, मीटर लावला, सुई अलगद चढते-उतरते ती दाखवली, झाकण बसवलं. नुजहतनं यंत्र चालू केलं. अमजदनं स्वतः बसून दोन वळणं घेतली. गाडी लोण्यासारखी चालली. मग शाकिरभाईंनी त्याला उठवलं. बटण बंद केलं. खुर्चीत बसले, ब्रेक दाबला, बिस्मिल्ला, बटण चालू. पाय उचलला.

गाडी सुसाट. भिंत. चाकं वर.

 अमजदनं स्क्रू-ड्रायव्हर पुसून पिशवीत टाकला. मग त्याची नजर हळूच शाकिरभाईंच्या पायांवर गेली आणि लगेच वळली. “मशीन टकाटक हाय, भाई,” तो हळू म्हणाला, आणि चहा न घेता गेला. अमजद चहा न घेता कुठूनही जात नसे.

त्या दिवशी शाकिरभाईंना खरी भीती वाटली. गेनूची नाही, व्हॅनची नाही. ज्या पायावर एकतीस वर्षं विश्वास टाकला, तो आपल्याला न सांगता फितूर झाला असेल तर? आपण दाबतोय असं वाटतंय आणि पाय दाबतच नसेल तर? गुरुवारपर्यंत त्यांनी स्टेअरिंगला हात लावला नाही. चहात साखर नसल्याची तक्रारही केली नाही, तेव्हा जन्नतबी सुद्धा जरा चपापल्या.

शुक्रवारी दुपारी नमाज पढून आले तर घरात कुणी नव्हतं. सासूसुना बाजारात गेल्या होत्या. ओट्यावर ज्ञानू बसला होता. उत्रोलीहून सायकलवर घरचा तांदूळ घेऊन आला होता. शाकिरभाईंनी त्याला हाताला धरून आत घेतलं आणि सगळं सांगितलं. जे बायकोला सांगता आलं नव्हतं, तेही सांगितलं.

ज्ञानूनं डोकं खाजवलं. “म्हंजे पाय बधिर हाय का न्हाई, एवढंच बघायचं ना? डोळं मिटा.”

त्यानं स्वयंपाकघरातून डबे उघडून मुठी भरून आणल्या. शाकिरभाईंनी खुर्चीत डोळे मिटून उजवा पाय पुढं केला. ज्ञानू पायाखाली एकेक दाणा ठेवायला लागला.

“हरभरा,” शाकिरभाई म्हणाले.

“व्हय.”

“ज्वारी.”

“व्हय.”

“तांदूळ. तुझाच. तुकडा लई हाय ह्यात.”

“तांदळाला नावं ठेवू नका. आता?”

“हा तुझा अंगठा हाय, आन् नख वाढलंय.”

ज्ञानूनं पाय खाली ठेवला. “हा पाय बधिर न्हाई, शाकिरभाई. ह्यो पाय लई चोंबडा हाय.”

शाकिरभाईंना थोडं बरं वाटलं, पण थोडंच. “पाय जागा हाय, मग गाडी का धावती? तूच बसून बघ.”

ज्ञानूनं जन्मात बैलगाडी आणि सायकल सोडून काही चालवलं नव्हतं. तो खुर्चीवर चढला तो ओट्यावर बसावं तसा, दोन्ही पाय वर घेऊन उकिडवा. शाकिरभाईंनी नुजहतनं शिकवल्याप्रमाणं खेळ लावला, बटण दाबलं. ज्ञानूनं मग भीत भीत पाय खाली सोडले. गाडी चालली. गवतात गेली, रस्त्यावर आली, पुन्हा गवतात गेली, पण ब्रेक दाबला की मुकाट थांबली. नंतर शाकिरभाई बसले. बटण बंद, ब्रेक, बिस्मिल्ला, बटण चालू. सुसाट. भिंत.

ज्ञानू मागं उभा होता, बावीस वर्षं उभा राहायचा तसा. त्याची नजर पडद्याकडं नव्हतीच. त्याला त्या लाल गाडीतलं काही कळत नव्हतं. त्याला कळत होते ते शाकिरभाईंचे पाय. या पायानं ब्रेक दाबला, मग ओठ हलले, मग इंजिन सुरू झालं, की मगच ज्ञानूनं घंटीची दोरी ओढायची, असं बावीस वर्षं चाललं होतं.

“म्या एक सांगू का?” तो म्हणाला. “तुमी आधी ब्रेक दाबता, मग बटण लावता. म्या बसलो तवा माझं पाय वर व्हते.”

“मग? ब्रेक दाबल्याबिगर गाडी चालू करायची? घरी जा तू.”

“ऐका तर. आमच्या उत्रोलीच्या गिरणीत तो नवा वजनकाटा आलाय, लाल आकड्यांचा. तो चालू करताना वर पोतं असलं ना, तर तो येडा पोत्यालाच शून्य धरतो. मग पोतं उचललं की उलटं वजन दाखवतो. तसं तर नसंल?”

शाकिरभाईंनी वाकून पायडलाकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, “म्हंजे मी ब्रेक तळापातुर दाबून बटण लावतो. ते म्हनतं, हाच मोकळा पाय. मग मी पाय उचलला की…”

“त्येला वाटतं, तुमी रेस दिली.”

“आन् मी ब्रेक पुन्हा तळाला नेला तरी ते म्हनणार, ह्यानं पाय मोकळा सोडला. थांबायचं कशाला?” शाकिरभाई ताडकन उठले. “बस तू. ब्रेक दाब. पार तळाला. धर तसाच.”

ज्ञानू दाबून बसला. शाकिरभाईंनी बटण चालू केलं. “आता सोड!”

लाल गाडी ज्ञानूला घेऊन उधळली. “आगागागा!” ज्ञानू स्टेअरिंग सोडून खुर्चीलाच मिठी मारून ओरडला. गाडी भिंतीत घुसली, उलटी झाली, चाकं वर. शाकिरभाईंनी ज्ञानूला खुर्चीतून ओढून मिठी मारली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते खदाखदा हसत होते. एवढा आनंद त्यांना रिटायरमेंटच्या सत्काराला झाला नव्हता. पाय फितूर नव्हता. आग रामेश्वरी लागली होती आणि आठवडाभर बंब सोमेश्वरी धावत होता.

“आता कामरानला सांगू,” ज्ञानू म्हणाला.

शाकिरभाईंनी डोळे पुसले. मग त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. ज्ञानू ते हलणं ओळखून होता. फुकट्या प्रवाशाला मधल्या थांब्यावर पुरतं बोलतं करायचं असलं की ते तसं हलायचं. “सांगू की,” ते म्हणाले. “पण रविवारी. तूबी ये.”

रविवारी सकाळी खोली भरली. जन्नतबी दाराशी पाट घेऊन बसल्या. नुजहत कॉम्प्युटरपाशी, ज्ञानू कोपऱ्यात, तोंडाला रुमाल लावून. कामरान म्हणाला, “आधी मी एक फेरी दाखवतो, म्हंजे अब्बांना अंदाज येईल.”

“दाखव बाबा,” शाकिरभाई अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाले. “बटण मी लावतो. माझ्यानं तेवढं तरी व्हतंय.”

बटणाचा बोर्ड टेबलाखाली. शाकिरभाई वाकले. एका हातानं ब्रेकचं पायडल तळाला दाबून धरलं, दुसऱ्या हातानं बटण लावलं, आणि मग पायडल सोडलं. नुजहत बाजूलाच होती. तिला ते दिसलं. तिनं सासऱ्याकडं पाहिलं, सासऱ्यानं एक भुवई वर केली, आणि तिनं ओढणी तोंडावर धरली.

कामरानची गाडी सुटली ती गोळीसारखी. “अरे!” तो ओरडला. “ब्रेक… ब्रेक लागत न्हाई!” भिंत. चाकं वर. शाकिरभाईंनी पुन्हा वाकून बटण लावून दिलं. पुन्हा भिंत. तिसऱ्यांदा भिंत. कामरानच्या कपाळावर घाम आला.

“काय रे,” शाकिरभाई काळजीनं म्हणाले, “मस्कतला खजूर लई खाल्लास का? पाय दाखव जरा.”

“या अल्ला!” जन्नतबी पाटावरून उठल्या. “पोराला पण शुगर?” त्यांनी खरंच कामरानचा पाय धरला आणि तळव्याला चिमटा काढला. “लागतंय का? खरं सांग! नुजहत, आजपासून ह्याच्या चहात साखर बंद!”

“अम्मी, लागतंय! आयय! सोड!”

कोपऱ्यात ज्ञानूचा रुमाल गळून पडला आणि तो पोट धरून खाली बसला. नुजहतलाही आवरेना. मग शाकिरभाईंनी पुन्हा वाकून आपला हात कुठं होता ते सगळ्यांना दाखवलं, आणि गिरणीच्या काट्यासकट सगळं समजावून सांगितलं.

“ही फसवणूक हाय, अब्बा!” कामरान पाय चोळत म्हणाला.

“हाय ना? आठवडाभर माझ्याशी हेच झालं. आन् माझ्याच पायाला नावं ठेवली सगळ्यांनी.” हे ते हसत म्हणाले, पण बोलता बोलता हसू ओसरलं. “विचारलं न्हाई कुणी, की अब्बा, तुमी बसता कसं ते दाखवा.”

 कामरान उठला आणि खुर्ची रिकामी करून दिली. “पण तीन फेऱ्या मारायच्या,” तो म्हणाला. “ते ठरलंय.”

“मारायच्याच.”

शाकिरभाई बसले. बटण बंद केलं. आणि अडचण आली. बटणाकडं हात गेला की पाय आपसूक ब्रेकवर जायचा. त्यांनी दोनदा मागं घेतला, तो दोनदा गेला. एकतीस वर्षांची सवय. कुणाच्या सांगण्यानं थोडीच ऐकणार होती! शेवटी त्यांनी दोन्ही पाय वर घेतले आणि खुर्चीत चक्क मांडी घातली, मशिदीत बसावं तशी.

“बिस्मिल्ला,” ते म्हणाले. “आता लाव गं बटण.”

नुजहतनं बटण लावलं. शाकिरभाईंनी मांडी मोडली, पाय खाली सोडले. लाल गाडी जागच्या जागी उभी होती, आज्ञेची वाट बघत. त्यांनी ब्रेक दाबून पाहिला, एक्सलेटर चाखून पाहिला आणि गाडी हलवली.

बाकीच्या गाड्या केव्हाच नाहीशा झाल्या होत्या. शाकिरभाई डाव्या कडेनं निघाले, घाटातली चाल धरून. वळण आलं की आधी वेग कमी, मग वळण, मग वेग. मागून गाड्या एक फेरी मारून परत आल्या, की हे बाजूला सरकून त्यांना जागा देत. “जा बाबा, तुला घाई हाय.” गर्दी उभी होती तिथं तर त्यांनी गाडी थांबवलीच.

“अब्बा, थांबता काय? शर्यत हाय ही!”

“एवढी माणसं थांबलीत, कुणाला चढायचं असंल. शर्यत तुझी हाय. माझ्या गाडीत माणसं असत्यात.”

ज्ञानूनं मागून “टिंग टिंग” केलं, तेव्हा गाडी हलली. तीन फेऱ्यांना इतका वेळ लागला, की जन्नतबी मधेच उठून आत गेल्या ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. शेवटी पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. नुजहतनं वाचून सांगितलं, “अब्बा, शेवटचा नंबर.”

“आन् धडका?”

“एकबी न्हाई.”

कामराननं खिशातून व्हॅनची किल्ली काढली आणि वडिलांच्या हातावर ठेवली. द्यायच्या आधी त्यानं ती क्षणभर मुठीत धरली होती. “चुकलं माझं,” तो म्हणाला. शाकिरभाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. जरा जोरातच मारली.

बाहेर आले तर जन्नतबी व्हॅनपाशी उभ्या. अंगावर बुरखा, हातात पिशवी, पिशवीत माहेरच्यांसाठी डबा. आठवडाभर सगळ्यांच्या आधी नवऱ्याच्या पायांकडं बघणारी बाई ती. पुढचं दार उघडून ड्रायव्हरशेजारी बसली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

ज्ञानू मागं चढला. शाकिरभाई स्टेअरिंगवर बसले. दार ओढलं, आरसा नीट केला. मग पाय ब्रेकवर गेला आणि पायडल तळाला टेकलं. जन्नतबी वाकून तो पाय बघत होत्या.

“हितं चालतं व्हय, आधी ब्रेक?”

“हितंच चालतं,” शाकिरभाई म्हणाले, आणि बिस्मिल्ला म्हणून त्यांनी किल्ली फिरवली. मागून ज्ञानूनं पत्र्यावर दोन टिचक्या मारल्या आणि व्हॅन किकवीकडं निघाली.